देणारा तोच, रक्कम तीच, मग तिसऱ्या वर्षी कर का? (अमेरिका, रेसिडेंट एलियन आणि परदेशी फेलोशिप)

पागोळी | २ फेब्रुवारी २०२५

रिटर्न भरायचे दिवस आले की हा प्रश्न वेगवेगळ्या धाग्यांवर तुकड्यातुकड्यांनी येतो आणि अर्धवट उत्तर मिळून विरून जातो. म्हणून वेगळा धागा. डोळ्यांसमोर नेमकं उदाहरण असलेलं बरं, तेव्हा हे घ्या:

भारतीय नागरिक, पोस्टडॉक (पीएचडीनंतरचा संशोधक), जे-१ या देवाणघेवाण व्हिसावरचा रिसर्च स्कॉलर. बॉस्टनला ऑगस्ट २०२२ मध्ये आगमन. विद्यापीठाचा पगार नाही. युरोपातली एक संस्था दरमहा ३,५०० युरो थेट खात्यात भरते, म्हणजे वर्षाचे ४२,००० युरो. डब्ल्यू-२ (पगाराचा दाखला) नाही, १०९९ (इतर उत्पन्नाचा) नाही, १०४२-एस (नॉनरेसिडेंटला दिलेल्या रकमेचा) नाही. कर कापलेला नाही.

२०२२ आणि २०२३ मध्ये हा माणूस नॉनरेसिडेंट (करापुरता अनिवासी) होता. फेलोशिपच्या पैशाचा उगम कुठला हे काम कुठे चाललंय त्यावरून नव्हे, तर देणारा कुठला रहिवासी आहे त्यावरून ठरतं. देणारा युरोपात, म्हणून उत्पन्न परदेशी उगमाचं. नॉनरेसिडेंटला असल्या उत्पन्नावर अमेरिकेत कर नाही. त्यामुळे ती दोन वर्षं नुसता फॉर्म ८८४३ (दिवस मोजण्यातून सूट असल्याचं निवेदन) पाठवून भागलं आणि ते बरोबरच होतं.

२०२४ मध्ये जे-१ स्कॉलरची दिवस मोजण्यातून असलेली दोन कॅलेंडर वर्षांची सूट संपली. १ जानेवारीपासून दिवस मोजले जायला लागले, १८३ भरले आणि तो रेसिडेंट एलियन (करापुरता निवासी) झाला. रेसिडेंटवर जगभरच्या उत्पन्नाचा कर असतो. सगळी मेख इथे आहे. फेलोशिप बदललेली नाही, मोजणारा बदलला आहे.

कर किती बसतो आणि रक्कम कुठे दाखवायची, ते जाणकारांनी लिहावं.

हिशेबनीस | २ फेब्रुवारी २०२५

कुठे दाखवायची ते आधी. फॉर्म १०४० (रेसिडेंटचं आयकर रिटर्न), त्याला जोडलेलं शेड्यूल १, ओळ ८आर. डब्ल्यू-२ वर न आलेल्या स्कॉलरशिप आणि फेलोशिपसाठी ही ओळ २०२२ च्या फॉर्मपासून आहे. त्याआधी १०४० च्या पहिल्या ओळीत पगाराबरोबर रक्कम मिळवून शेजारी 'एससीएच' अशी तीन अक्षरं लिहायची पद्धत होती. जुने लेख वाचून कोणी अजूनही तसंच करत असेल तर थांबा. ८आरची रक्कम शेड्यूल १ च्या ओळ १० च्या बेरजेत येते आणि तिथून १०४० च्या ओळ ८ वर जाते.

आता डॉलर किती धरायचे? आयआरएसचा (अमेरिकेच्या आयकर खात्याचा) २०२४ चा वार्षिक सरासरी दर एका डॉलरला ०.९२४ युरो. ४२,००० ला ०.९२४ ने भागा: ४५,४५५ डॉलर. गुणायचं नाही, भागायचं. गुणाकार करून ३८,८०८ दाखवणारे बरेच निघतात.

एकट्याचं रिटर्न, २०२४ चं स्टँडर्ड डिडक्शन (सरसकट वजावट) १४,६००. करपात्र ३०,८५५. पहिल्या ११,६०० वर १० टक्के, म्हणजे १,१६०. उरलेल्या १९,२५५ वर १२ टक्के, म्हणजे २,३११. एकूण फेडरल कर साधारण ३,४७० डॉलर.

मॅसॅच्युसेट्सचा ५ टक्के वेगळा. एकट्याला ४,४०० ची सूट आहे, तेव्हा राज्याचे सुमारे २,०५० धरून चाला.

बोरकूट | ३ फेब्रुवारी २०२५

दराबद्दल थोडी भर. वार्षिक सरासरी चालते, तसाच ज्या दिवशी पैसे आले त्या दिवसाचा दरही चालतो. पण एकच पद्धत धरून ठेवा. सहा हप्ते सरासरीने आणि सहा त्या दिवसाच्या दराने, असं सोयीसोयीने केलं तर चौकशीच्या वेळी सांगायला तोंड राहत नाही. वर्षातले दोनच महिने फेलोशिप मिळाली असेल तर त्या-त्या दिवसाचा दरच न्याय्य. रुपयात पैसे येणाऱ्यांसाठी २०२४ ची सरासरी ८३.६७७.

आणि पैसे 'मिळाले' कधी? खात्यात पडले त्या दिवशी. डिसेंबरचा हप्ता पुण्यातल्या एनआरओ खात्यात २७ डिसेंबरला जमा झाला आणि तुम्ही तो फेब्रुवारीत अमेरिकेत आणला, तरी तो डिसेंबरचाच. भारतातलं एप्रिल ते मार्च वर्ष इथे आणायचं नाही.

दशांश | ३ फेब्रुवारी २०२५

सर्वांत महाग चूक कोणीच लिहिली नाही अजून. कर भरायच्या सॉफ्टवेअरमध्ये "कागद नसलेलं उत्पन्न" शोधत गेलं की ते लोकांना फ्रीलान्सच्या दारात नेऊन सोडतं. तिथे आकडा टाकला की शेड्यूल सी (धंद्याच्या उत्पन्नाचा तक्ता) तयार होतं आणि त्यामागून सेल्फ एम्प्लॉयमेंट टॅक्स (स्वतंत्र धंदा करणाऱ्यांचा जादा कर). वरच्याच उदाहरणात ४५,४५५ चे ९२.३५ टक्के, त्यावर १५.३ टक्के: ६,४२३ डॉलर फुकट. मूळ आयकराच्या जवळजवळ दुप्पट!

फेलोशिप हा कोणाला दिलेल्या सेवेचा मोबदला नसतो, तुमच्या अभ्यासाला दिलेला आधार असतो. म्हणून ना सेल्फ एम्प्लॉयमेंट टॅक्स, ना सोशल सिक्युरिटी. सॉफ्टवेअरमध्ये शिक्षणाच्या विभागात जाऊन "स्कॉलरशिप, डब्ल्यू-२ नाही, १०९८-टी नाही" असा रस्ता धरायचा (१०९८-टी म्हणजे विद्यापीठाचा ट्यूशनचा दाखला), आणि सबमिट करण्याआधी शेड्यूल १ उघडून आकडा ८आर वरच पडला आहे ना हे डोळ्यांनी बघायचं. ८झेडवर (किरकोळ इतर उत्पन्नाच्या ओळीवर) पडला तर कर तेवढाच, पण पुढे आयआरएच्या (निवृत्तीसाठीच्या बचत खात्याच्या) हिशेबात घोटाळा होतो.

देणारी संस्था "आमच्यासाठी अमुक काम करा, अहवाल आमच्या मालकीचा" अशा अटीवर पैसे देत असेल तर मात्र नाव फेलोशिप असलं तरी ती फेलोशिप नाही. नेमणुकीचं पत्र वाचा. वर्षाकाठी प्रगतीचा अहवाल मागणं ही सेवा होत नाही.

निंबोणी | ३ फेब्रुवारी २०२५

आयआरएचा उल्लेख आला म्हणून: २०२० पासून पदवीनंतरच्या आणि डॉक्टरेटनंतरच्या शिक्षणासाठीची करपात्र फेलोशिप आयआरएसाठी कमाई धरली जाते. २०२४ साठी ७,००० डॉलरपर्यंत, मुदत १५ एप्रिल २०२५. पारंपरिक आयआरएत टाकले तर वरच्या उदाहरणात ८४० डॉलर फेडरल कर वाचतो. अर्न्ड इन्कम क्रेडिटसाठी (कमी कमाईवाल्यांच्या करसवलतीसाठी) आणि पाळणाघराच्या खर्चाच्या क्रेडिटसाठी मात्र हीच फेलोशिप कमाई नाही. कायद्याला एकाच पैशाकडे दोन नजरांनी बघायला काही वाटत नाही.

कोकणकडा | ४ फेब्रुवारी २०२५

पोस्टडॉकची ट्यूशन नसते, पण संशोधनाचा खर्च असतो. परिषदेचा प्रवास, लॅपटॉप, युरोपीय संस्थांचा मुलांसाठीचा भत्ता, सामान हलवण्याचा भत्ता. हे वजा होतं का?

हिशेबनीस | ४ फेब्रुवारी २०२५

नाही. अमेरिकी आयकर कायद्याच्या कलम ११७ ची सूट फक्त पदवीसाठी शिकणाऱ्याला, तीही ट्यूशन, फी, आणि अभ्यासक्रमाला सक्तीची पुस्तकं-साहित्य एवढ्यापुरती. राहणं, खाणं, प्रवास, संशोधनाचा किरकोळ खर्च त्यात बसत नाही. पोस्टडॉक पदवीचा उमेदवार नाही, म्हणून त्याला ही सूट मुळातच नाही. मुलांचा भत्ता आणि स्थलांतराचा भत्ताही करपात्र, ८आरमध्येच मिळवायचे. नोकरदारांची किरकोळ खर्चाची वजावट २०१८ पासून बंद आहे, आणि तुम्ही नोकरदारही नाही.

यावर उपाय आधी करता येतो, नंतर नाही. परिषदेचा खर्च युरोपीय संस्थेने तुमच्या खात्यात न टाकता यजमान प्रयोगशाळेच्या खात्यात टाकावा आणि तिकीट विद्यापीठाने काढावं, अशी विनंती पत्राने करा. बऱ्याच संस्थांना ते चालतं. मग ते पैसे तुमच्या हाताला लागतच नाहीत.

आरोग्यविम्याचा हप्ता फेलोशिपमधून भरत असाल तर तो सेल्फ एम्प्लॉइड विमा म्हणून वजा करू नका. तो आयटमाइझ करणाऱ्यालाच (स्टँडर्ड डिडक्शनऐवजी एकेक खर्च दाखवणाऱ्यालाच), तेही एकूण वैद्यकीय खर्च उत्पन्नाच्या साडेसात टक्क्यांवर गेला तर. ४५ हजारांवर स्टँडर्ड डिडक्शन सोडणं परवडत नाही.

सहाणेवरचं_गंध | ५ फेब्रुवारी २०२५

पागोळी, तुमच्या उदाहरणात एक खाच आहे ती लोकांना सांगून ठेवा. "१ जानेवारीपासून रेसिडेंट" हे त्या दिवशी तो बॉस्टनमध्ये असेल तर. डिसेंबरमध्ये लग्नकार्यासाठी सांगलीला जाऊन १२ जानेवारी २०२४ ला परतला असेल, तर रेसिडेन्सी १२ जानेवारीला सुरू होते, कारण २०२३ मध्ये तो रेसिडेंट नव्हता. पहिले ११ दिवस नॉनरेसिडेंट, पुढचे रेसिडेंट. म्हणजे ड्युअल स्टेटस वर्ष.

आणि ड्युअल स्टेटसवाल्याला स्टँडर्ड डिडक्शन मिळत नाही. १४,६०० गेले! वरच्या आकड्यांत कर १,७५० नी वाढतो, केवळ विमानाच्या तारखेमुळे. ११ दिवसांत जे युरो आले ते करातून सुटतात, पण हप्ता महिनाअखेरीला येत असेल तर तेवढंही समाधान नाही.

लग्न झालेलं असेल आणि जोडीदारही वर्षअखेर रेसिडेंट असेल तर दोघांनी मिळून पूर्ण वर्ष रेसिडेंट धरायचा पर्याय निवडता येतो. रिटर्नला दोघांच्या सहीचं निवेदन जोडायचं. मग २९,२०० चं स्टँडर्ड डिडक्शन हाती येतं. जे-२ वर आलेल्या जोडीदाराची दोन वर्षांची सूटही साधारण बरोबरच संपते, त्यामुळे हे बहुतेकांना जमतं.

पागोळी | ५ फेब्रुवारी २०२५

अगदी बरोबर, गंध. दिवस मोजताना येण्याचा आणि जाण्याचा दिवस दोन्ही अमेरिकेतले धरायचे हेही लिहून ठेवते. पासपोर्टच्या शिक्क्यांपेक्षा आय-९४ चा (अमेरिकेच्या ये-जा नोंदीचा) प्रवास इतिहास जास्त उपयोगी. पण तोही एकदा तिकिटांशी ताडून बघा.

आडसाली_ऊस | ६ फेब्रुवारी २०२५

कर कापलेला नाही म्हणजे तिमाही हप्ते आलेच. त्यांचा फॉर्म १०४०-ईएस. २०२५ च्या उत्पन्नासाठी तारखा १५ एप्रिल, १६ जून (१५ ला रविवार आहे), १५ सप्टेंबर आणि १५ जानेवारी २०२६. तिमाही म्हणतात, पण दुसरा हप्ता दोनच महिन्यांत येतो आणि लोक तिथेच चुकतात.

वर्षअखेर १,००० डॉलरच्या वर देणं निघणार असेल तर हप्ते भरायला हवेत. दंड टाळायला यंदाच्या कराच्या ९० टक्के किंवा मागच्या वर्षीच्या कराइतकी रक्कम वेळेत भरलेली असावी. मागच्या वर्षीचं समायोजित उत्पन्न दीड लाखावर असेल तर ११० टक्के.

इथे एक सापळा. "गेल्या वर्षी माझा कर शून्य होता, म्हणून यंदा दंड नाही" ही सूट गेलं संपूर्ण वर्ष अमेरिकेचा नागरिक किंवा रेसिडेंट असणाऱ्यालाच आहे. पागोळींच्या उदाहरणातला माणूस २०२३ मध्ये नॉनरेसिडेंट होता, आणि नुसता ८८४३ पाठवला होता, जे रिटर्नच नव्हे. त्याला २०२४ साठी मागच्या वर्षाचा आडोसा नाही. २०२४ मध्ये दंडाच्या व्याजाचा दर ८ टक्के होता, २०२५ च्या सुरुवातीला ७ झाला. ३,४७० डॉलरवर ही रक्कम फार होत नाही, दीडशेच्या आसपास. पण फॉर्म २२१० (या दंडाचा हिशेब) सोडवायचा ताप वेगळा. तो स्वतः भरलाच पाहिजे असं नाही; बहुतेकदा आयआरएस हिशेब करून बिल पाठवते.

जोडीदार नोकरीत असेल तर हप्त्यांची कटकटच नको. जोडीदाराच्या डब्ल्यू-४ (किती कर कापायचा ते मालकाला सांगणारा फॉर्म) च्या ४(सी) ओळीत दर पगाराला जादा कपात लिहून द्या. पगारातून कापलेला कर वर्षभर सारखा भरला असं धरतात, मग ती कपात नोव्हेंबरमध्ये सुरू केली तरी. उशिरा जाग आलेल्यांना हा एकच खरा इलाज.

दशांश | ६ फेब्रुवारी २०२५

राज्याचे हप्ते वेगळे. मॅसॅच्युसेट्समध्ये उंबरठा ४०० डॉलरचा. कॅलिफोर्नियात ५०० चा, आणि तिथले हप्ते ३०, ४०, शून्य आणि ३० टक्के. हो, सप्टेंबरचा शून्य. फेडरलच्या सवयीने चार समान भाग केले तर जूनमध्ये कमी पडतात.

कोकणकडा | ७ फेब्रुवारी २०२५

दोन देशांमधला करविषयक करार कोणी काढलाच नाही अजून. भारत-अमेरिका कराराचं कलम २१ विद्यार्थ्यांसाठी आहे ना? पण रेसिडेंट झाल्यावर कराराचा फायदा जातो, असं विद्यापीठाच्या कार्यालयातून सरसकट सांगतात.

सहाणेवरचं_गंध | ७ फेब्रुवारी २०२५

सरसकट सांगतात आणि ते चूक आहे. नीट लिहितो, कारण इथे हजारो डॉलरांचा फरक पडतो.

कराराच्या पहिल्या कलमात म्हटलं आहे की अमेरिका आपल्या रेसिडेंटांवर करार नसल्यासारखाच कर लावू शकते. एवढंच वाचून लोक थांबतात. पण लगेच पुढे अपवाद आहेत. विद्यार्थ्यांचं कलम २१ आणि प्राध्यापक-संशोधकांचं कलम २२ अशा माणसाला लागू राहतात जो अमेरिकेचा नागरिक नाही आणि ज्याच्याकडे स्थलांतरिताचा दर्जा, म्हणजे ग्रीन कार्ड, नाही. तेव्हा दिवस भरून रेसिडेंट झालेल्या एफ-१ (विद्यार्थी व्हिसा) किंवा जे-१ वाल्याला कलम २१ खुलं आहे. ग्रीन कार्ड हातात आलं की दार बंद.

कलम २१(१) काय म्हणतं? येण्याआधी भारताचा रहिवासी असलेला, आणि मुख्यतः शिक्षणासाठी किंवा प्रशिक्षणासाठी अमेरिकेत असलेला विद्यार्थी किंवा शिकाऊ उमेदवार. त्याच्या चरितार्थासाठी, शिक्षणासाठी किंवा प्रशिक्षणासाठी अमेरिकेबाहेरून आलेल्या रकमेवर अमेरिकेत कर नाही. रकमेला मर्यादा नाही. मुदत 'शिक्षण पुरं व्हायला साधारण लागेल तेवढी'. आणि पैसे भारतातूनच यायला हवेत असं नाही, अमेरिकेबाहेरून यायला हवेत.

सरळ उदाहरण: महाराष्ट्र शासनाच्या सामाजिक न्याय विभागाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती घेऊन एफ-१ वर पीएचडी करणारी विद्यार्थिनी. एरवी एफ-१ ला पाच कॅलेंडर वर्षं सूट, म्हणून ती नॉनरेसिडेंट राहते आणि प्रश्नच येत नाही. पण तिने आधी ऑगस्ट २०१६ ते मे २०१८ इथेच एमएस केलं असेल तर २०१६, १७, १८ ही तीन वर्षं तेव्हाच खर्ची पडली. पीएचडीची २०२२ आणि २०२३ धरून पाच झाली. २०२४ मध्ये ती रेसिडेंट. पीएचडीच्या तिसऱ्या कॅलेंडर वर्षातच! पाच वर्षं आयुष्यभराची असतात, प्रत्येक व्हिसाला नव्याने मिळत नाहीत.

तिची ट्यूशन कलम ११७ खाली सुटली, ती कुठेच दाखवायची नाही. राहण्याखाण्याचा भत्ता, समजा वर्षाला १५,००० डॉलर, हा करपात्र भाग. तो ८आरवर पूर्ण दाखवायचा, आणि कलम २१(१) खाली शेड्यूल १ च्या ८झेडवर वजा करायचा.

हिशेबनीस | ७ फेब्रुवारी २०२५

भरायची पद्धत आयआरएसच्या पब्लिकेशन ५१९ (परदेशी नागरिकांसाठीची करपुस्तिका) मधली: ८झेडवर रक्कम कंसात, म्हणजे उणे १५,०००. शेजारच्या जागेत "एक्झेम्प्ट इन्कम, इंडिया, आर्टिकल २१(१)". ओळ १० वर दोन्ही एकमेकांना खातात. नुसतं ८आर कोरं ठेवू नका. दाखवून वजा करणं आणि लपवणं यात कागदावर जमीन-अस्मानाचा फरक आहे.

बऱ्याच सॉफ्टवेअरना ८झेडवर उणे आकडा खपत नाही. "इतर उत्पन्न" च्या किरकोळ खिडकीत वर्णन लिहून उणे आकडा टाकून बघा. अजिबात घेतच नसेल तर छापून टपालाने पाठवा.

कोकणकडा | ८ फेब्रुवारी २०२५

कराराचा दावा जाहीर करणारा फॉर्म ८८३३ जोडायचा का? न जोडल्यास १,००० डॉलर दंड असं वाचलं.

हिशेबनीस | ८ फेब्रुवारी २०२५

दंडाचा आकडा बरोबर, पण विद्यार्थी, प्रशिक्षणार्थी आणि शिक्षकांच्या उत्पन्नावरची कराराची सवलत या जाहीर करण्याच्या सक्तीतून नियमांनीच वगळली आहे. न जोडला तरी चालतो. जोडला तर काही बिघडत नाही.

बोरकूट | ८ फेब्रुवारी २०२५

मग मूळ उदाहरणातला पोस्टडॉक? त्यालाही २१(१)? तसं असेल तर ३,४७० डॉलर वाचले की.

सहाणेवरचं_गंध | ८ फेब्रुवारी २०२५

तिथे हात राखून. कलमातला शब्द 'विद्यार्थी किंवा शिकाऊ उमेदवार'. पीएचडी झालेला, स्वतंत्र प्रकल्प चालवणारा माणूस 'मुख्यतः प्रशिक्षणासाठी' आला आहे का? संशोधकांसाठी करारात वेगळं कलम २२ आहे, ही गोष्ट त्याच्या विरुद्ध जाते. डीएस-२०१९ वर (जे-१ च्या कागदावर) वर्ग 'रिसर्च स्कॉलर' लिहिला असेल तर आणखी विरुद्ध. फेलोशिपच्या पत्रात 'प्रशिक्षण' हा उद्देश ठळक असेल, मार्गदर्शक आणि प्रशिक्षणाचा आराखडा जोडलेला असेल, तर बाजू मांडता येते. माझ्या मते पत्रात असं काही नसेल तर हा दावा करू नये.

कलम २२ मध्ये संशोधनाच्या मोबदल्यावर दोन वर्षांपुरती सूट आहे, पण ती दोन वर्षांहून जास्त नसलेल्या भेटीसाठी. ऑगस्ट २०२२ ला आलेला २०२४ च्या डिसेंबरातही इथेच आहे, म्हणजे ते कलम त्याच्या कामाचं नाही.

दशांश | ८ फेब्रुवारी २०२५

थोडा मतभेद. डीएस-२०१९ वरचा वर्ग हा इमिग्रेशनचा विषय. कर कायद्याने तो जसाच्या तसा मानलाच पाहिजे असं नाही. अमेरिकेतल्या मोठ्या सरकारी अनुदानांतही पोस्टडॉकला 'ट्रेनी' म्हणतात. दावा अगदी पोकळ नाही. पण करणाऱ्याने कराची रक्कम बाजूला ठेवून मगच करावा. आणि ८८३३ इथे मुद्दाम जोडावा, लपवाछपवीचा संशय तरी उरत नाही.

सहाणेवरचं_गंध | ८ फेब्रुवारी २०२५

पैसे बाजूला ठेवण्याशी शंभर टक्के सहमत. बाकी मतभेद राहू दे.

निंबोणी | ९ फेब्रुवारी २०२५

करार मानायचा की नाही हे राज्य आपापलं ठरवतं. कॅलिफोर्निया, न्यू जर्सी, पेनसिल्व्हेनिया फेडरल करार मानत नाहीत. कॅलिफोर्नियात शेड्यूल सीएवर वजा केलेली रक्कम परत मिळवावी लागते. बर्कलीतल्या विद्यार्थिनीला फेडरल शून्य आणि राज्याचा थोडासा, असं होऊ शकतं.

आडसाली_ऊस | ९ फेब्रुवारी २०२५

फॉरेन टॅक्स क्रेडिटबद्दल दोन ओळी, कारण "परदेशी उत्पन्न आहे ना, मग १११६ भरा" असा सल्ला फिरतो. क्रेडिट परदेशात भरलेल्या कराचं मिळतं. तिकडे कर लागलाच नसेल तर क्रेडिट कशाचं घेणार? भारतात शिक्षणासाठीची शिष्यवृत्ती २०२४ मध्ये आयकर कायदा १९६१ च्या कलम १०(१६) खाली माफ होती. देणाऱ्याने चुकून टीडीएस कापला, तर तो अमेरिकेत क्रेडिट म्हणून चालत नाही, कारण कायद्याने देणं नसलेला कर तुम्ही आपखुशीने सोडून दिला असं धरतात. भारतात रिटर्न भरून परतावा घ्या.

आणि फॉर्म २५५५, म्हणजे परदेशी कमाईची वजावट, बॉस्टनमध्ये राहून घेता येत नाही. 'फॉरेन' शब्द बघून सॉफ्टवेअरमध्ये त्यावर टिक करणारे दरवर्षी असतात. ती सवलत परदेशात राहून काम करणाऱ्यांची आहे.

बोरकूट | १० फेब्रुवारी २०२५

ट्यूशनबद्दल पीएचडी-एमएस वाल्यांसाठी एक हिशेब, पटला तर घ्या. फेलोशिपच्या अटींत "ही रक्कम ट्यूशनसाठीच" असं नसेल, तर तीच रक्कम राहण्याखाण्यावर खर्च झाली असं धरून करपात्र दाखवता येते. मग तेवढी ट्यूशन तुम्ही स्वतः भरली असं होतं आणि फॉर्म ८८६३ वर लाइफटाइम लर्निंग क्रेडिट मिळतं: १०,००० डॉलरच्या २० टक्के, म्हणजे २,०००. बारा टक्क्यांच्या गटात १०,००० वर कर वाढतो १,२००. निव्वळ फायदा ८००. बावीस टक्क्यांच्या गटात तोटा. राज्याचा ५ टक्के धरला तर फायदा ३०० वर येतो, तेव्हा आधी राज्याचा आकडा घाला. नॉनरेसिडेंटला हे क्रेडिटच नाही, म्हणून आजवर कोणी सांगितलं नसेल.

शासन ट्यूशन थेट विद्यापीठाला भरत असेल तिथे हे लागू नाही. १०९८-टीच्या रकाना ५ मध्ये ती रक्कम आली आहे का हेही बघून घ्या.

पागोळी | १० फेब्रुवारी २०२५

खात्यांचं राहिलं. फेलोशिप भारतातल्या किंवा युरोपातल्या खात्यात येत असेल तर शेड्यूल बीच्या तिसऱ्या भागात परदेशी खातं आहे असं उत्तर द्यायचं, व्याज दहा रुपये असलं तरी. सगळ्या परदेशी खात्यांची मिळून वर्षात एक दिवस जरी १०,००० डॉलरच्या वर शिल्लक गेली, तर फिनसेन ११४, म्हणजे एफबार (परदेशी खात्यांचा अहवाल). तो रिटर्नबरोबर जात नाही, वेगळ्या संकेतस्थळावर भरतात. मुदत १५ एप्रिल, आपोआप १५ ऑक्टोबरपर्यंत वाढते. गंमत म्हणजे इथे दर ३१ डिसेंबरचा ट्रेझरीचा लावायचा, वार्षिक सरासरी नाही. आईबरोबरचं जॉइंट खातंही मोजायचं, पैसे तिचे असले तरी. वर्षअखेर ५०,००० किंवा मधल्या कुठल्याही दिवशी ७५,००० डॉलरच्या वर गेलात तर परदेशी मालमत्तेचा फॉर्म ८९३८ सुद्धा (एकट्यासाठी, जोडप्याला दुप्पट).

कोकणकडा | ११ फेब्रुवारी २०२५

शेवटचा प्रश्न. २०२४ चं १०४०-एनआर (नॉनरेसिडेंटचं रिटर्न) आधीच पाठवून झालं असेल तर? विद्यापीठ देतं ते सॉफ्टवेअर नॉनरेसिडेंटांसाठीच असतं, आणि काही जण त्यातूनच भरून मोकळे होतात.

हिशेबनीस | ११ फेब्रुवारी २०२५

१५ एप्रिलच्या आत असाल तर पूर्ण १०४० नव्याने पाठवा, तेच मूळ रिटर्न धरलं जातं. नंतर लक्षात आलं तर १०४०-एक्स (दुरुस्तीचं रिटर्न), आणि त्याला बरोबर भरलेला १०४० जोडायचा. निघणारा कर लगेच भरा, फॉर्मची वाट बघू नका. व्याज भरण्याच्या तारखेला थांबतं. आयआरएसच्या डायरेक्ट पे वर भरताना वर्ष '२०२४' आणि कारण '१०४०-एक्स' निवडा. वर्ष २०२५ पडलं तर ते पैसे पुढच्या हप्त्यात जमा होतात आणि २०२४ चं बिल तसंच येतं.

विद्यापीठाच्या पेरोलला डब्ल्यू-९ (रेसिडेंट असल्याचं कळवणारा फॉर्म) त्याच आठवड्यात द्या. त्यांच्या नोंदीत तुम्ही अजून नॉनरेसिडेंट असाल, तर विद्यापीठाकडून मिळणाऱ्या छोट्या पुरवणी स्टायपेंडमधून १४ टक्के कापले जात राहतील.